दाढेचा ठणका आणि रात्रीची झोप

दिवसभर जी दाढ अधूनमधून शिवशिवत होती, गार पाण्याच्या घोटाबरोबर क्षणभर सणकून पुन्हा निमूट होत होती आणि जिच्याकडे कामाच्या धबडग्यात आपण काणाडोळा केला होता, तीच दाढ रात्री अंथरुणाला पाठ टेकताच ठणकू लागते; घरातली मंडळी निजलेली असतात, औषधांची दुकाने बंद झालेली असतात, दंतवैद्याचा दवाखाना उघडायला आठ-दहा तासांचा अवकाश असतो, आणि गालावर हात दाबून येरझारा घालणाऱ्या माणसाला त्या घटकेस जगातला दुसरा कोणताही प्रश्न महत्त्वाचा वाटत नाही. या प्रश्नाला आपल्या समाजात उत्तरांची वाण नाही. घरातील वडीलधारी माणसे एक सांगतात, शेजारी दुसरे सांगतो, औषधविक्रेता तिसरेच काही पुडीत बांधून देतो. त्यांतील काही उपाय खरोखर गुणकारी आहेत, काही निरुपद्रवी परंतु निरर्थक आहेत, आणि काही निखालस घातक आहेत. या सर्वांची एकत्र छाननी करावी, कोणत्या उपायाचा अंमल कुठवर चालतो व कुठे त्याची हद्द संपते हे पाहावे, एवढ्यासाठी हा आढावा आहे. एक गोष्ट मात्र प्रारंभीच नमूद केली पाहिजे : रात्री केलेला कोणताही इलाज हा या दुखण्याचा निकाल नसून सकाळपर्यंत मिळवलेली तहकुबी आहे. ती तहकुबी शहाणपणाने मिळवावी, कारण झोप ही आजाऱ्याची गरज आहे. पण तिलाच निकाल समजण्याची चूक ज्यांनी केली, त्यांना तिची किंमत पुढे मोजावी लागली आहे.

दाढ रात्रीच का ठणकते, याचे उत्तर दाताच्या रचनेत दडलेले आहे. बाहेरून दगडासारखा दिसणारा दात आतून पोकळ असतो. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असे ज्याचे वर्णन करतात ते दंतवल्क वर, त्याखाली सूक्ष्म नलिकांनी भरलेले दंतिन, आणि मध्यभागी रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी बनलेला मृदू गर अशी त्याची घडण आहे. शरीराच्या इतर भागाला दाह झाला की तो भाग सुजतो आणि सूज बाहेर पसरून आतला ताण काही अंशी उतरतो. दाताच्या गराला मात्र ही मुभा नाही. चहूबाजूंनी कठीण भिंती असलेल्या कोठडीत त्याला दाह होतो, रक्त साचते, दाब वाढतो, आणि तो दाब तिथल्या तिथेच मज्जातंतूंना पिळत राहतो. माणूस आडवा झाला की डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो, त्यासरशी त्या कोठडीतला ताणही वाढतो, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ठणक उमटू लागते. दाहाला आवर घालणारे कॉर्टिसॉल हे शरीरातील द्रव्य मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी झालेले असते. शिवाय दिवसा मनाला गुंतवून ठेवणारे व्यवहार थांबलेले असल्याने वेदनेकडे लक्ष एकवटते. रात्री दाढ अधिक दुखते हा भास नाही, हे प्रथम लक्षात घेतले म्हणजे रुग्णाला ‘एवढे काय त्यात’ असे म्हणण्याचा मोह घरच्यांना होणार नाही.

दुखण्याचे स्वरूप नीट पाहिले तर दाढेची अवस्था बरीचशी कळून येते. गार किंवा गोड लागताच सणक येते आणि ते दूर होताच क्षणार्धात थांबते, तोवर गर रागावलेला असला तरी वाचण्याजोगा असतो. कीड काढून दात भरला म्हणजे काम भागते. परंतु गरम चहाचा घोट घेतल्यावर सुरू झालेली कळ पुढे कित्येक मिनिटे रेंगाळते, काही न खाता-पिता ठणका आपोआप उठतो, झोपेतून जाग येते, आणि गार पाण्याची गुळणी तोंडात धरून ठेवली तेवढ्यापुरतेच बरे वाटते, अशी स्थिती आली म्हणजे गराचा दाह परतीच्या वाटेपलीकडे गेला असे समजावे. या अवस्थेत रुग्णाला नेमकी कोणती दाढ दुखते हेही पुष्कळदा सांगता येत नाही; वरची दुखते की खालची, दाढ दुखते की कान, असा त्याचा गोंधळ होतो, कारण साऱ्या चेहऱ्याच्या संवेदना तीन शाखांच्या एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जातात आणि गरातील तंतूंना स्थळाचा नेमका बोध नसतो. पुढे दाह मुळाच्या टोकापलीकडे हाडाशी पोहोचला, की दाढ उंचावल्यासारखी वाटते, दातावर दात टेकवता येत नाही, आणि मग मात्र रुग्ण बोट ठेवून अचूक दाढ दाखवतो.

या यातनेचे मूळ शोधण्याचा मनुष्याचा प्रयत्न फार जुना आहे. बाबिलोनियाच्या मातीच्या विटांवर दाढदुखीचे कारण म्हणून एका किड्याची कथा कोरलेली सापडली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यांत हिरड्यांचे १५ आणि प्रत्यक्ष दातांचे ८ रोग गणले आहेत. त्या आठांतील ‘कृमिदंतक’ या रोगाच्या वर्णनात काळे छिद्र, स्राव, सूज व तीव्र वेदना यांबरोबर, वेदना विनाकारण उठते, हेही लक्षण नोंदवले आहे. आजचा दंतवैद्य ‘काही न खाता आपोआप दुखते का’ असा जो प्रश्न प्रथम विचारतो, त्याचे बीज इतक्या प्राचीन निरीक्षणात सापडावे ही गोष्ट आदर वाटावा अशीच आहे. पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही असा किडा दिसत नाही असे लिहून ठेवले. तरीही ‘दात किडला’, ‘दाढेला कीड लागली’ हे शब्दप्रयोग आपल्या भाषेत कायम राहिले, आणि त्यांच्याबरोबर एक उपचारही राहिला. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी नळीवाटे दाढेला द्यायची आणि मग वाटीतल्या पाण्यात पडलेले पांढुरके कण किडे म्हणून दाखवायचे, हा प्रकार महाराष्ट्राच्या खेड्यांतून पुष्कळांनी पाहिला असेल. ते कण दाढेतल्या किड्यांचे नसतात, कारण असा किडा मुळात नसतोच. साखर व पिष्ट पदार्थ खाऊन जीवाणू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दंतवल्कातील क्षार विरघळवते. कीड म्हणतात ती एवढीच.

आता घरात, हाताशी असलेल्या साधनांनी, काय करता येते ते क्रमाने पाहू. पहिली गोष्ट स्वच्छता. दोन दाढांच्या सांदीत किंवा खळग्यात अडकून कुजणारा अन्नाचा कण हाच कित्येकदा रात्रीच्या ठणक्याचे तात्कालिक कारण असतो. म्हणून हलक्या हाताने ब्रश करावा, सांदीतून दात साफ करण्याचा बारीक दोरा फिरवावा, आणि पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून सावकाश चुळा भराव्यात. सुई, टाचणी, आकडा यांनी दाढ कोरण्याचा प्रकार कदापि करू नये. त्याने हिरडी फाटते आणि उघडा पडलेला गर अधिकच चिडतो. दुसरी गोष्ट थंडावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटे धरावा, तितकाच वेळ थांबावे आणि पुन्हा धरावा. रक्तवाहिन्या आकुंचन पावून दाब थोडा उतरतो. तिसरी गोष्ट निजण्याची रीत. एकाऐवजी दोन उशा घेऊन डोके व खांदे उंच ठेवावेत आणि दुखऱ्या बाजूवर निजू नये; हा उपाय इतका साधा आहे की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, परंतु वर सांगितलेले कारण ध्यानात घेतले म्हणजे त्याची योग्यता पटते.

चौथी गोष्ट लवंग, आणि ती थोड्या विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण परंपरा आणि प्रयोगशाळा यांचे एकमत व्हावे अशा थोड्या वस्तूंपैकी ती एक आहे. लवंगेच्या तेलाचा बहुतांश भाग युजेनॉल या द्रव्याचा असतो. ते मज्जातंतूंचे वहन काही काळ बधिर करते, दाह उणावते आणि जीवाणूंनाही आळा घालते. दंतवैद्य तात्पुरते भरण म्हणून झिंक ऑक्साइडमध्ये हेच युजेनॉल कालवून वापरीत आले आहेत. दवाखान्यात शिरताच येणारा तो विशिष्ट वास लवंगेचाच. घरी लवंगतेल वापरायचे तर एक-दोन थेंब चमचाभर खोबरेल तेलात मिसळावेत, कापसाचा अगदी लहानसा बोळा त्यात बुडवून निथळवावा आणि चिमट्याने नेमका दाढेच्या खळग्यात ठेवावा. काही मिनिटांनी ठणका उतरला की तो काढून टाकावा, कारण तोंडात बोळा ठेवून झोपी गेल्यास तो घशाकडे सरकण्याचे भय असते. निव्वळ तेल हिरडीला व गालाच्या आतल्या त्वचेला भाजते, आणि लहान मुलाच्या पोटात ते गेल्यास विषबाधा होते, म्हणून मुलांच्या दाताला ते लावू नये आणि बाटलीही त्यांच्या हाती पडू देऊ नये. तेल नसेल तर सबंध लवंग दुखऱ्या दाढेजवळ धरून हलकेच चावावी.

इतर घरगुती वस्तूंची कैफियत थोडक्यात आटोपता येईल. अक्कलकाढ्याने जीभ व हिरडी काही वेळ चुणचुणून बधिरल्यासारखी होते. पेरूची कोवळी पाने उकळून केलेल्या चुळा किंवा तुरटीचे पाणी यांनी हिरडीला तुरटपणाचा थोडा लाभ होतो. हिंग, कापूर, लसूण यांचे गोडवे पुष्कळांनी गायिले असले तरी दाढेच्या आतल्या दाहापर्यंत त्यांची मजल जात नाही, आणि ठेचलेली लसूण फार वेळ दाबून धरली तर हिरडी पोळते. यापुढच्या वस्तू मात्र स्पष्टपणे बाजूला सारल्या पाहिजेत. रुईचा चीक किंवा बिब्बा दाढेत घालणे म्हणजे जळत्या घरावर तेल ओतणे होय. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवल्याने वेदना शमत नाही, उलट तिथे पांढरा भाजल्याचा डाग उमटतो; ती गोळी पोटातून रक्तात जाऊनच काम करते. तव्यावर फडके गरम करून सुजलेला गाल शेकण्याची सवय आपल्याकडे फार आहे. पू होऊ घातलेल्या जागी शेक दिल्यास रक्ताचा ओघ वाढून ठणका आणि सूज दोन्ही बळावतात. दारूची गुळणी निरुपयोगी आहे, आणि ती गिळून त्यावर वेदनाशामक गोळ्या घेणे यकृताला व जठराला धोक्याचे आहे.

परंतु या यादीत सर्वांत अधिक घात ज्या वस्तूने केला ती तंबाखू होय. दाढ दुखते म्हणून कोणी तरी भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावायला सांगते, दोन दिवस बरे वाटल्याचा भास होतो, आणि दुखणे निघून गेल्यानंतरही मशेरी त्या घरात मुक्काम ठोकते. आपल्या खेड्यांतील किती तरी स्त्रियांचे हे व्यसन अशा एखाद्या रात्रीच्या ठणक्यापासूनच सुरू झालेले असते. तंबाखू दाढेची कीड थांबवीत नाही, ती हिरड्या सैल करते आणि तोंडाच्या कर्करोगाला दार उघडून देते. ज्या आईने, सासूने किंवा शेजारणीने हा सल्ला प्रेमाने दिला असेल तिचा हेतू वाईट नसतो. पण एका रात्रीची झोप मिळवण्यासाठी आयुष्यभराचे गहाणखत लिहून देण्याचा हा व्यवहार आहे, आणि तो कोणत्याही घरात यापुढे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

लवंग, मीठ आणि बर्फ यांच्या पलीकडे जो खरा रात्रभराचा आधार आहे तो वेदनाशामक गोळ्यांचा. दाह झालेल्या ठिकाणी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊन मज्जातंतूंना हळवे करतात. ॲस्पिरिनच्या जातीची औषधे त्यांच्या निर्मितीलाच अडथळा आणतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. दाढदुखी मुळात दाहाची असल्याने या वर्गातील आयब्युप्रोफेन तिला विशेष लागू पडते, आणि त्याच्या जोडीला पॅरासिटॅमॉल घेतल्यास दोहोंचा मिळून परिणाम एकेकट्यापेक्षा चांगला होतो. अन्य आजार नसलेल्या प्रौढ माणसाने काही खाऊन आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटॅमॉल ५०० मिलिग्रॅम झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावे; ठणका शिगेला पोहोचण्याची वाट पाहू नये. वैद्यकीय सल्ल्यावाचून २४ तासांत आयब्युप्रोफेन १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. पॅरासिटॅमॉलची कमाल मर्यादा ४ ग्रॅमची आहे, आणि कृश, यकृतविकारी किंवा मद्यपी माणसासाठी ती याहून बरीच खाली धरावी. येथे एक चूक वारंवार घडते : क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल ही निरनिराळी औषधे समजून लोक एकामागून एक घेतात, वस्तुतः ती सारी पॅरासिटॅमॉलच आहेत, कॉम्बिफ्लॅममध्ये वरील दोन्ही औषधे एकत्रच असतात. म्हणून पाकिटावरचे ठळक नाव न वाचता खालचे बारीक नाव वाचावे.

या नियमाला अपवाद आहेत, आणि ते पाळलेच पाहिजेत. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, ॲस्पिरिनने बळावणारा दमा, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असणे, यांपैकी काहीही असेल तर आयब्युप्रोफेन घेऊ नये. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना अंगात ताप असेल तर दाढ कितीही दुखो, पॅरासिटॅमॉलखेरीज दुसऱ्या गोळीला हात लावू नये. गर्भवती स्त्रीने आयब्युप्रोफेन टाळावे, पॅरासिटॅमॉलवर रात्र काढावी आणि सकाळी दंतवैद्याकडे जावे. गर्भारपणात दातांचे उपचार करूच नयेत ही समजूत चुकीची आहे, मधले तीन महिने तर त्यांना विशेष सोयीचे मानले जातात. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, आणि पॅरासिटॅमॉलही त्यांच्या वजनाच्या प्रमाणातच द्यावे.

प्रतिजैविकांविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण दाढ दुखताच दुकानातून ‘पाच गोळ्यांचा कोर्स’ आणण्याची आपली रूढी फार पसरली आहे. दाढेच्या गराचा दाह प्रतिजैविकाने उतरत नाही. आतला रक्तपुरवठाच खंडित होऊ लागल्यामुळे औषध तिथे पुरेसे पोहोचत नाही, आणि मुळाशी कोंडलेला दूषित ऐवज बाहेर काढल्यावाचून नुसत्या औषधाने तो नाहीसा होत नाही. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनातही, अंगात ताप नाही, सूज पसरलेली नाही अशा बहुतेक दाढदुखीत प्रतिजैविके देऊ नयेत असेच सांगितले आहे. विनाकारण घेतलेल्या प्रत्येक गोळीने जीवाणू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या दिवशी तेच औषध लंगडे पडते.

मात्र काही प्रसंग असे असतात की सकाळची वाट पाहणे हाच गुन्हा ठरतो. गालावरची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखालून गळ्याकडे पसरू लागली, थंडी वाजून ताप आला, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, आवाज घोगरा झाला किंवा श्वासाला अडथळा वाटू लागला, तर त्याच घटकेस मोठे रुग्णालय गाठावे. जिभेखाली व हनुवटीखाली झपाट्याने पसरणाऱ्या या संसर्गाचे वर्णन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली केले. खालच्या दाढांची दुर्लक्षित कीड हेच त्याचे नेहमीचे उगमस्थान असते, आणि मधुमेही माणसात तो विशेष वेगाने वाढतो. त्याचप्रमाणे दात निर्दोष असताना खालचा जबडा दुखतो, छातीवर दडपण येते आणि दरदरून घाम सुटतो, अशी लक्षणे एकत्र आली तर तो दाढेचा मामला नसून हृदयाचा असू शकतो. तेथे लवंग शोधत बसण्यात एक क्षणही घालवू नये. सर्दी मुरल्यावर वाकताना वरच्या सगळ्या दाढा एकदम जड होऊन दुखतात, त्याचे कारण बहुधा गालफडातील पोकळीचा दाह हे असते.

रात्र सरली की खरा इलाज सुरू होतो, आणि तो रात्रीच्या मानाने आश्चर्य वाटावे इतका सोपा असतो. दंतवैद्य जागा बधिर करतो, दाढेला वरून वाट करतो, आणि कोंडलेला दाब मोकळा होताच रात्रभर छळणारा ठणका ओसरतो. पुढे मुळांतील नळ्या साफ करून भरणे, म्हणजेच रूट कॅनल, किंवा दाढ वाचण्यासारखी नसेल तर ती काढणे, हे दोन मार्ग उरतात. वेदनेच्या भीतीने जे जात नाहीत त्यांनी हे लक्षात ठेवावे की भूल देण्याच्या शास्त्राच्या आरंभात दंतवैद्यांचाच मोठा वाटा आहे : होरेस वेल्स यांनी १८४४ साली नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढून घेतला, दोन वर्षांनी विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचे सामर्थ्य जगापुढे मांडले, आणि आज दाढेशेजारी टोचले जाणारे लिडोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये प्रथम तयार झाले. वरची दाढ काढली की नजर अधू होते ही आपल्याकडील समजूतही निराधार आहे; दृष्टीचा मज्जातंतू वेगळा आणि दातांच्या संवेदनेचा वेगळा. खर्चाची अडचण खरी आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत खाजगी दवाखान्याच्या मानाने फार थोड्या खर्चात उपचार होतात, ही माहिती गरजूंपर्यंत पोहोचवणे आपले कर्तव्य आहे.

सर्वांत शेवटी त्या एका फसव्या क्षणाविषयी सांगितले पाहिजे, ज्याने आजवर असंख्य माणसांना चकवले आहे. दोन-तीन रात्री जागवल्यानंतर एके सकाळी ठणका अकस्मात थांबतो. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो, लवंगेला किंवा धुरीला श्रेय देतो आणि दवाखान्याची ठरलेली वेळ रद्द करतो. प्रत्यक्षात त्या दिवशी दाढ बरी झालेली नसते. तिचा गर मेलेला असतो, आणि तक्रार करणारा तंतूच उरलेला नसल्यामुळे शांतता पसरलेली असते. संसर्ग मात्र मुळावाटे हाडात उतरत राहतो, आणि आठवड्यांनी वा महिन्यांनी गाल सुजवून पुन्हा उभा ठाकतो. म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे : रात्री मीठ, बर्फ, उशी, लवंग आणि योग्य ती गोळी यांनी झोप अवश्य मिळवा, पण सकाळी दाढ दुखत असेल तरी दंतवैद्याकडे जा, आणि दुखत नसेल तर अधिकच तातडीने जा.